मागे जाण्याचा खेळ



सोंग घेणे आपल्याकडे काही नवे नाही. उत्सवाच्या अखेरीस देवळापुढे लळित व्हायचे. भालदार, चोपदार, वासुदेव अशी एकामागून एक सोंगे यायची, आणि गावातलाच एखादा शिंपी किंवा सुतार रात्र सरेपर्यंत दुसऱ्याच युगातला माणूस होऊन बसायचा. नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथे तमाशाचे फड येतात. त्यातली गवळण ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल, की द्वापारयुगातला कृष्ण वाट अडवतो आणि मावशी त्याला आजच्या बाजारातला तेलाचा भाव ऐकवते. लोक हसतात. पण हसता हसता दोन काळ एकाच फळीवर उभे राहिलेले असतात, आणि ते कोणालाच खटकत नाही.

आज ज्या खेळाविषयी मी बोलणार आहे तो या सोंगाचाच एक भाऊबंद. परदेशात त्याला रोल प्लेइंग गेम म्हणतात. आपण भूमिकेचा खेळ म्हणू. त्याचे एक मूळ लष्करात आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या एका अधिकाऱ्याने नकाशावर लढाई खेळण्याची रीत बसवून दिली. दोन पक्ष, आणि मध्ये एक पंच. ज्या पक्षाला प्रत्यक्ष रणावर जेवढे दिसले असते तेवढेच पंचाने त्याला सांगायचे. पुढे १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. त्यात सैन्याऐवजी एकेक माणूस एकेक भूमिका घेतो आणि पंचाचा सूत्रधार होतो. सूत्रधार म्हणतो, “तुम्ही वेशीपाशी आलात. वेस बंद आहे. आता काय करता?” खेळणारा आपल्या भूमिकेतून उत्तर देतो, फासा पडतो, गोष्ट पुढे सरकते. आपल्याकडे फाशाचीसुद्धा गरज नाही, फोडलेले चिंचोके पुरतात.

लळितात आणि या खेळात फरक आहे तो एवढाच, की लळितातला रावण मरायचा म्हणजे मरायचाच. या खेळाचा शेवट मात्र कोणी लिहून ठेवलेला नसतो.

आणि इथेच एक पेच पडतो. खेळणाऱ्याच्या मनात येते, की आपल्याला मागच्या काळात जाता आले तर? १९८४ साली ‘टाइममास्टर’ नावाचा असा एक खेळ अमेरिकेत निघालाही. त्यात खेळणारे इतिहासाचे राखणदार असतात. पण मागे गेलेल्या माणसाला पुढचे सगळे ठाऊक असते. तो तिथे जाऊन काय करू शकतो? काही बदलू शकतो की नाही? खेळ मांडण्याआधी सूत्रधाराला हे ठरवावेच लागते, नाहीतर पहिल्याच डावाला भांडण. म्हणजे असे, की काळ ही वस्तू कशी आहे याचे उत्तर शाळेच्या ओसरीवर चिंचोके टाकणाऱ्या लेकरांना आधी द्यावे लागते आणि मग खेळावे लागते.

उदाहरण आपल्या घरचेच घेऊ. लातूर जिल्ह्यातले उदगीर. १७६० च्या आरंभी उदगीर आणि औसा यांच्या दरम्यानच्या मुलखात सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला कोंडले. इब्राहिमखान गारदी आपल्या तोफा घेऊन भाऊंच्या बाजूने होता. ३ फेब्रुवारीला निजामाचा मोड झाला आणि तह होऊन दौलताबाद, बुऱ्हाणपूर, विजापूर अशी मोठी ठाणी पेशव्यांकडे आली. फौज आनंदात होती. पण तिकडे यमुनेकाठी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे १० जानेवारीलाच पडले होते. तीन आठवडे उलटून गेले तरी उदगिरास त्याची वार्ता नव्हती. छावणीतला प्रत्येक माणूस दत्ताजी जिवंत असलेल्या जगात वावरत होता. मग बातमी आली, मार्च महिन्यात परतूरहून फौज उत्तरेकडे निघाली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे.

आता समजा, शाळेतला एखादा पोरगा या खेळात ३ फेब्रुवारीच्या संध्याकाळी भाऊंच्या डेऱ्यापाशी जाऊन उभा राहिला. त्याला दत्ताजीचे ठाऊक आहे, पानिपत ठाऊक आहे, विश्वासरावांना गोळी लागणार हेही ठाऊक आहे. तो ओरडला, “भाऊसाहेब, जाऊ नका!” पुढे?

एक मत असे, की काळाची वीण घट्ट आहे. जे झाले त्यात तुमचे मागे जाणेही आधीच धरलेले आहे. पोराला पहारेकरी हेर समजून धरतील. किंवा त्याचे बोलणे डेऱ्यात जाईल, उत्तरेत काही विपरीत घडले आहे असा वहीम भाऊंना येईल आणि ते अधिकच घाईने निघतील. इगोर नोविकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात हे मत गणिताच्या भाषेत मांडले. आपल्याला ते कंसाच्या गोष्टीवरून केव्हाच ठाऊक आहे. देवकीला बंदीत टाकले नसते तर कृष्ण गोकुळात वाढला असता का? कंसाने टाळण्यासाठी जे जे केले त्यानेच गोष्ट शेवटाकडे गेली. सूत्रधाराला हे मत सोयीचे, कारण त्याचा इतिहास मोडत नाही. पण खेळणारे थोड्याच वेळात चिडतात. त्यांना वाटते, आम्ही इथे आलो तरी कशाला?

दुसरे मत याच्या उलट. काळ हा एकच धागा, पण तो मध्येच तोडून गाठ मारता येते. ऐकायला गोड, खेळायला कठीण. भाऊ थांबले, पानिपत झालेच नाही, तर मग पोराने पानिपताचा धडा वाचला कुठून? आणि धडा वाचलाच नाही तर तो मागे आला कशासाठी? याचेच धिटाईचे रूप म्हणजे आजोबाचे कोडे : नातवाने मागे जाऊन आजोबालाच लहानपणी मारले, तर मारणारा आला कोठून? हे मत धरून खेळ मांडला की अर्ध्या तासात त्याची कीर्तनकारालाही न सुटणारी गुंतागुंत होते. मला विचाराल तर गुरुजींनी या वाटेला जाऊ नये.

तिसरे मत फांद्यांचे. भाऊ थांबले त्या क्षणी काळाला फांदी फुटते. एका फांदीवर पानिपत होते, दुसऱ्या फांदीवर होत नाही, आणि दोन्ही खऱ्या. ह्यू एव्हरेट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५७ साली अणूंच्या वर्तनावरून असा एक विचार मांडला होता, मात्र त्यात मागे जाण्याची गोष्ट नव्हती. मराठीत हा विचार घरोघर नेला तो डॉ. जयंत नारळीकरांनी. त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे एक प्राध्यापक अचानक अशा मुंबईत जाऊन पडतात की जिथे मराठ्यांनी पानिपत जिंकलेले आहे. दोन्ही इतिहास वेगळे होतात ते एका गोळीपाशी. एकीकडे ती विश्वासरावांना लागते, दुसरीकडे हुकते. २० मे २०२५ रोजी डॉ. नारळीकर गेले, पण मराठी मुलांना या विषयाची गोडी लावणारी याहून चांगली गोष्ट अजून तरी माझ्या वाचनात नाही.

फांद्यांच्या मताने खेळ मोकळा होतो, कोणतीही युक्ती चालते. पण त्यात एक काटा आहे तो मुलांना लवकर टोचतो. तुम्ही नवी फांदी काढलीत, ठीक. जुनी कुठे गेली? ती तशीच आहे. तिथे बुराडी घाट आहे, पानिपत आहे, आणि वाट पाहणाऱ्या बायका आहेत. तुम्ही कोणाला वाचवले नाही, तुम्ही फक्त दुसरीकडे राहायला गेलात.

पुढच्या काळात जाण्याची गोष्ट निराळी, ती शास्त्राला मान्य आहे. भागवतात ककुद्मी राजा मुलगी रेवती हिला घेऊन ब्रह्मलोकी वर विचारायला जातो, गाणे संपेपर्यंत थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटलेली असतात. आइन्स्टाइनने १९०५ साली दाखवले की वेगाने जाणाऱ्याचे घड्याळ खरोखरच हळू चालते, आणि १९७१ साली विमानातून अणुघड्याळे पृथ्वीभोवती फिरवून ते तपासलेही. फरक सेकंदाच्या अब्जांशांत मोजण्याइतका, पण हिशेबाला जुळणारा. मागे येण्याबद्दल मात्र स्टीफन हॉकिंग यांनी एक गंमत केली. २००९ च्या जून महिन्यात त्यांनी काळप्रवाशांसाठी मेजवानी मांडली आणि आमंत्रणे पाठवली ती मेजवानी उरकल्यावर. मागे येणारा कोणी असता तर आला असता. कोणी आले नाही. पंगत तशीच उठली.

असो. उदगीरकडे वळू, कारण तिथे आणखी एक गोष्ट निघते. उदगीर किंवा नांदेडच्या मुलाला हा खेळ दिला, तर तो भाऊंना पानिपताची भीती घालील असे आपण पुण्यात बसून समजतो. मला तसे वाटत नाही. तो म्हणेल, “भाऊसाहेब, तह करू नका. निजाम आत्ताच संपवा.” कारण पानिपत दूर आहे, पण नांदेड आणि लातूरचा हा मुलूख निजामाच्या राज्यातून सुटला तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी, आणि त्या आधीच्या रझाकारांच्या दिवसांच्या गोष्टी त्याने घरात ऐकलेल्या आहेत. उदगीरला १७६० सालीच निकाल लागला असता, तर पणजोबांना १९४८ साल पाहावे लागले नसते, असा त्याचा सरळ हिशेब.

हिशेब सरळ आहे, पण इतिहास पाहा. उदगीरनंतर तीनच वर्षांनी, १० ऑगस्ट १७६३ रोजी, गोदावरीकाठी राक्षसभुवनला निजामाचा पुन्हा पराभव झाला. १७९५ साली खर्ड्याला पुन्हा झाला. तीन वेळा हरूनही ते राज्य उरले. तेव्हा एका संध्याकाळी एका डेऱ्यात एक वाक्य बोलून ते संपले असते असे म्हणणे धाडसाचे आहे. यावरून काही खेळांत चौथेच मत धरतात, ते मला इतिहासाला सर्वांत जवळचे वाटते. काळ म्हणजे नदी. नांदेडच्या घाटावरून गोदावरीत ढेकूळ टाका, पाणी क्षणभर हलते आणि पुन्हा आपल्या वाटेने जाते. पण त्याच गोदावरीवर वर विष्णुपुरीला बंधारा घातला तर पाणी अडते आणि उपसून रानात नेता येते. ढेकूळ टाकायचे की बंधारा बांधायचा, आणि बांधायचा तर किती वर्षे आधी लागायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. सूत्रधाराने फक्त विचारायचे, “माणसे किती? पैसा कोठून? तुझे ऐकेल कोण?”

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय निवडला तिच्याकडे येतो.

लातूर जिल्ह्यात मागे जाण्याचा खेळ कोणाला शिकवावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चारच मिनिटे कमी असताना, औसा तालुक्यातले किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातले सास्तूर यांच्या परिसरात धरणी हादरली. सुमारे आठ हजार माणसे गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते. ज्यांची माणसे गेली त्यांनी हा खेळ मनात किती वेळा खेळला असेल! त्या रात्री पोरांना अंगणात निजवले असते तर. तिला दोन दिवस आधी माहेरी धाडली असती तर. त्याला चिंचोके लागत नाहीत आणि सूत्रधारही लागत नाही.

हा डाव शाळेत मांडावा की नाही? मांडायचा तर मोठ्या मुलांत, घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून, आणि मेलेल्यांची सोंगे कोणीही घेऊ नयेत. एवढे सांभाळून मांडला, तर तो काय दाखवतो ते पाहा.

खेळणारा प्रथम २९ तारखेच्या संध्याकाळी जातो. मिरवणुकीत गुलाल उडतो आहे, वाजंत्री चालू आहे, आणि तो दारोदार सांगतो आहे की आज घरात निजू नका. सूत्रधार विचारतो, “का?” १९९२ सालापासून या भागात लहानमोठे हादरे बसतच होते. एवढे हादरे बसले आणि काही झाले नाही, तर आजच का व्हावे? चिंचोके चांगले पडले तर दहा घरे बाहेर निजतील. बाकीच्यांना काय सांगणार?

मग तो वर्षभर मागे जातो, पहिल्या हादऱ्यांपाशी. आता त्याच्याजवळ वेळ आहे. पण सूत्रधार पुन्हा विचारतो, “वर्षभर लोक निजतील कुठे? पावसाळ्यात धान्य ठेवतील कुठे? जनावरे?”

आणि मग खेळणारा आणखी मागे जातो, पंचवीस वर्षे, तीस वर्षे, जिथे घराची भिंत चढते आहे तिथे. गवंडी दगड रचतो आहे. भिंत दोन-अडीच हात रुंद. बाहेरून दगडाची एक पाळ, आतून एक पाळ, मध्ये चिपऱ्या आणि माती. जोडायला चुना नाही, चिखलच. वर लाकडाचे खण आणि खणावर जाड मातीचे माळवद. हे असे का? उगाच नव्हे. आपल्याकडच्या वैशाखात असल्या घरात माठातल्यासारखा गारवा असतो, चोराला भिंत फोडता येत नाही, आणि दगड-माती शिवारातच मिळते. शहाण्या माणसांनी विचार करूनच बांधलेली घरे होती ती. पण धरणी हलली तेव्हा बाहेरची पाळ बाहेर फुटली, आतली आत आली, आणि माळवदाचे ओझे खाली बसले. काही घरांत तर लाकडी खण उभेच राहिले आणि भिंती तेवढ्या ढासळल्या.

आता खेळणारा गवंड्याला म्हणतो, “दादा, इथे भूकंप होणार आहे.” गवंडी काय म्हणेल? “भूकंप? हिथं?” आणि गवंड्याच्या बाजूने मोठमोठे शास्त्रज्ञही उभे राहतील, कारण तेव्हाच्या नकाशावर हा भाग भूकंपाचा धोका सर्वांत कमी असलेल्या पट्ट्यात होता. नकाशा बदलला तो धरणी हलल्यावर. म्हणजे पुढून आलेल्या माणसाजवळ सत्य आहे, पण पुरावा नाही. पुरावा त्या पहाटेला मागे राहिला आहे.

इथे चलाख खेळणारा आपले बोलणे बदलतो. तो भूकंपाचे नावच काढत नाही. तो विचारतो, “दादा, पावसाळ्यात भिंतीला पोट सुटते का हो?” गवंडी म्हणणार, सुटते. दोन पाळ्यांना एकमेकींचा आधार नसला की मधली माती फुगते आणि भिंत पोट काढते, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. “मग दर दोन-तीन हातांवर, इकडून तिकडे आरपार जाईल असा एक लांब दगड घाला की. आणि कोपऱ्यांत लांब दगड एकमेकांत गुंतवा.” हे त्याला पटते. खर्च फार नाही. लांब दगड निवडून घडवण्याची मेहनत तेवढी वाढते. १९९३ नंतर जुन्या भिंती दुरुस्त करताना हेच करायला सांगितले गेले : आरपार दगड बसवा, छताखाली भिंतीला चारी बाजूंनी पट्टा बांधा, माळवदाचे ओझे हलके करा.

काळाविषयीचे कोणते मत धरून हा डाव खेळलात, याने इथे पुष्कळ फरक पडतो. घट्ट विणीचे मत धरले तर गवंडी मान हलवील आणि दुसऱ्या दिवशी आजारी पडेल. फांद्यांचे मत धरले तर एक किल्लारी वाचेल आणि एक तशीच राहील; ज्याच्या घरातले माणूस गेले आहे त्याच्यासमोर हे मत मला तरी बोलून दाखवता येणार नाही. नदीचे मत धरले तर एका भिंतीत घातलेला दगड म्हणजे ढेकूळ. एका गवंड्याच्या हाताखाली शिकलेली चार पोरे पंचवीस वर्षे गावोगाव तसेच बांधत राहिली, तर तो बंधारा. म्हणून मुलांना मी पुन्हा पुन्हा विचारीन, की किती साली जाऊ म्हणता? आकडा जसजसा मागे सरकतो तसतसे भविष्य सांगण्याचे काम कमी होत जाते आणि भिंतीचे काम वाढत जाते.

एक डाव उलटाही मांडता येतो, आणि तो नांदेडकडच्या शाळांनी मांडावा. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोलीच्या बाजूला धक्का बसला आणि तो नांदेडपर्यंत जाणवला. जुलै महिन्यात पुन्हा बसला. दोन्ही मध्यम होते. आता एका मुलाने २०६० सालातून आलेल्या माणसाचे सोंग घ्यावे आणि आपल्याच गावात, आजच्याच दिवशी यावे. त्याला पुढचे काही बोलण्याची बंदी. प्रश्न तेवढे विचारायचे. बाकीच्यांनी आपापल्या घरची माणसे व्हावे, कोणी आजी, कोणी सरपंच, कोणी गवंडी. पाहुण्याला ढेळजेत बसवावे, पाणी द्यावे. मग त्याने उठून भिंतीवर हात ठेवावा आणि आजीला विचारावे, “ही कोणी बांधली? आणि यात लांब दगड किती घातले?”